विचारा, सांगते : मामा तलावातले मासे आणि आंतरराष्ट्रीय जर्नल

या महिन्यात टपालात आणि मेलवर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं संशोधनाच्या नियतकालिकात, म्हणजे जर्नलात, ‘पेपर’ छापण्याच्या एकाच दुखण्याची होती. म्हणून या वेळी पिकांवरच्या किडी आणि बागेतल्या बुरशीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या माशांच्या नोंदी मी बऱ्याच दिवसांपासून ठेवते आहे. ढिवर (मासेमार) मंडळींच्या जाळ्यात कोणत्या महिन्यात काय येतं, बेशरमचं झुडूप माजल्यावर कोणता मासा दिसेनासा झाला, तलावाचा गाळ काढल्यावर काय परत आलं, सगळं वहीत आहे. आता एका ‘जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय जर्नल’चा मेल आला आहे. तीन दिवसांत स्वीकृती, पाचव्या दिवशी प्रमाणपत्र, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, फी अडीच हजार. प्राचार्य म्हणतात, टाकून द्या, नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला) लागतं. काय करू? खेड्यातलं काम दुसरं कोण छापणार?

उत्तर : नका टाकू. सीएचबीच्या मानधनातून अडीच हजार जाणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे, पण खरा तोटा त्याहून मोठा आहे. त्या पैशांबरोबर वहीही जाते. एकदा मजकूर कुठेही छापला गेला की कोणतंही बरं जर्नल त्याला हात लावत नाही, ‘पूर्वप्रसिद्ध’ म्हणून परत करतं. आणि पश्चात्ताप होऊन तुम्ही पेपर मागे घ्यायला निघालात, तर यातली काही मंडळी मागे घेण्याचीही फी मागतात.

तीन दिवसांत तुमचा पेपर वाचला कोणी? गोड्या पाण्यातल्या माशांची जाण असलेला माणूस शोधायचा, त्याला विनंती करायची, त्यानं आपलं काम सांभाळून वाचायचं आणि मत कळवायचं, याला महिने लागतात. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक खोटा पेपर तयार केला होता. दगडफुलातला एक रेणू कॅन्सरच्या पेशी मारतो, असा त्याचा विषय. लेखक खोटे, संस्था खोट्या, आणि प्रयोगात अशा ढोबळ चुका की बीएस्सीच्या पोरानंही पकडाव्यात. तो ३०४ ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला, आणि त्यांत भारतातून चालणारी पुष्कळ होती. २०१९ साली अमेरिकेतल्या कोर्टानं हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला लेखकांची फसवणूक केली म्हणून पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. तेव्हा हे दुकान लहान आहे असं समजू नका.

मेलमध्ये आयएसएसएन नंबर ठळक अक्षरांत दिलेला असेल. त्याला भुलू नका. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो. पाकिटावर नंबर छापलाय म्हणून आतली सरकी उगवेलच असं आपल्याकडचा शेतकरी मानत नाही, तुम्हीही मानू नका. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच. जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला त्याचा हा आकडा. तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. बाकी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘कॉसमॉस’ असली विशेषणं लावून इम्पॅक्ट फॅक्टर वाटणारे बरेच आहेत, ते पैसे घेऊन आकडा देतात. स्कोपस या जर्नलांच्या सूचीत जर्नल आहे का, हे त्यांच्या साईटवरच्या यादीत फुकट बघता येतं. बघताना नाव आणि आयएसएसएन दोन्ही जुळवा आणि साईटचा पत्ताही तपासा, कारण चांगल्या जर्नलच्या नावानं हुबेहूब नकली साईट काढणारेही आहेत. ओपन अ‍ॅक्सेस असेल तर डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या यादीत शोधा. आणि माझी स्वतःची आवडती तपासणी अशी : त्या जर्नलमधले तुमच्या विषयाचे तीन पेपर उघडून सावकाश वाचा. वाचून मासा कळला तर ठीक. एका अंकात कापसाची बोंडअळी, जीएसटीचे परिणाम आणि संत कवींचं समाजप्रबोधन शेजारी शेजारी दिसलं, तर तिथून उठा.

हे फक्त परक्यांचं पाप आहे असंही नाही. आपल्याच भागात कॉलेजच्या हॉलमध्ये एक दिवसाची ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ भरते. नेपाळहून नाही तर मॉरिशसहून एक पाहुणे पडद्यावर दहा मिनिटं दिसतात, दुपारी वांग्याची भाजी अन् जिलेबी होते, आणि नोंदणी फीमध्येच विशेषांकात पेपर. मला त्या जेवणाबद्दल काहीच म्हणायचं नाही. जेवण उत्तम असतं.

नॅकचं म्हणाल तर प्राचार्यांना जरा मागचा इतिहास सांगा. यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. त्यांत ज्यांचे पेपर होते त्यांची काय अवस्था झाली, ते स्टाफरूममध्ये विचारलं तर कोणीतरी सांगेल. २०१९ साली ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केली. आता जर्नल बरं की वाईट हे संस्थेनं आणि संशोधकानं निकष लावून स्वतः ठरवायचं आहे. म्हणजे आज ‘यादीत आहे’ ही सबब उरलेली नाही. पीएच.डी.साठीही २०२२ च्या नियमांनी पेपरची सक्ती काढली आहे, हे तुमच्या ओळखीतल्या घाईतल्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवा. आधी आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र वाचायला सांगा.

मग पाठवायचा कुठे? ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द मुखपृष्ठावर असायलाच हवा असं काही नाही. कोईम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ किंवा मुंबईच्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) १८८६ पासून चालू असलेलं जर्नल, ही जगभरचे अभ्यासक वाचतात. गोड्या पाण्यातल्या माशांवर आणि पाणथळ जागांवर परदेशी जर्नलंही आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या बऱ्याच जर्नलांत लेखकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. जिथे दोन्ही वाटा आहेत तिथे ते ओपन अ‍ॅक्सेसचा पर्याय पुढे करतात, तो निवडला नाही म्हणून पेपर नाकारत नाहीत. नामांकित ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची फी लाख-दोन लाखांच्या घरात जाते. फी-माफीच्या यादीत भारताचं नाव सहसा नसतं, तरी संपादकांना एक मेल टाकून विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि खेड्यातलं काम कोण छापणार, असं तुमच्या पत्राच्या शेवटी आहे ते मला मुळीच पटलं नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी स्त्रीरोगांबद्दल जे लिहिलं ते १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलनं छापलं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा ३९ गावांतला प्रयोग १९९९ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि जगभरच्या बालआरोग्याच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला. ते छापलं गेलं कारण प्रश्न धारदार होता, मोजणी चोख होती आणि दुसऱ्या प्रयोगात तुलनेला वेगळी गावं होती.

आता तुमच्या वहीकडे येऊ. मी तुमची रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारी, असते तर काय विचारलं असतं ते सांगते, म्हणजे पाठवण्याआधीच तयारी होईल.

कोणत्या तलावात, कोणत्या तारखेला, कोणतं जाळं आणि त्याचा डोळा केवढा? बारीक डोळ्याचं जाळं एका वर्षी आणि मोठ्याचं दुसऱ्या वर्षी वापरलं असेल, तर ‘लहान मासे कमी झाले’ हे वाक्य तिथेच पडतं. मासा ओळखला कसा? ढिवर काका ‘डाडक’ म्हणाले हे अमूल्य आहे, पण एका गावचा डाडक पुढच्या गावात दुसराच निघू शकतो. प्रत्येक जातीचा निदान एक नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवा, लेबलवर ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहा, आणि नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संग्रहात जमा करून नोंदणी क्रमांक घ्या. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. शास्त्रीय नावं जुन्या पुस्तकातून उतरवू नका, माशांची नावं फार बदलली आहेत. कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचा माशांचा कॅटलॉग नेटवर मोफत आहे, तिथे एकेक तपासा.

आणि नुसती यादी पाठवू नका. ‘अमुक तलावाचे भौतिक-रासायनिक गुणधर्म’ या शीर्षकाचे पेपर आपल्या विदर्भात इतके झालेत की तलावांपेक्षा पाण्याच्या सामूचे (पीएचचे) तक्ते जास्त असतील. तुमच्या वहीत त्याहून मोलाची गोष्ट आहे. गाळ काढलेले आणि न काढलेले तलाव शेजारी शेजारी आहेत, बेशरमनं व्यापलेले आणि मोकळे आहेत, आणि पकड वर्षानुवर्षं नोंदलेली आहे. तुमचा प्रश्न तोच : गाळ काढल्यावर आणि बेशरम उपटल्यावर कोणते मासे परततात, किती दिवसांत, आणि कोणते परतत नाहीत? कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांबद्दल परदेशातल्या वाचकाला काही ठाऊक नसतं. त्यासाठी प्रस्तावनेत दोन परिच्छेद द्या, जास्त नको.

प्रश्न : मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. कोळ्यांच्या (स्पायडरच्या) जाळ्यांवरचा पेपर तयार आहे. गाईड म्हणतात त्यांच्या मिस्टरांचं आणि विभागप्रमुखांचं नाव टाक. मिस्टर तर भूगोलाचे आहेत! नाही म्हटलं तर थिसिसवर सही अडेल.

उत्तर : पोरी, तुझी अडचण खरी आहे आणि तिच्यावर औषध अर्धंच आहे. नियम काय म्हणतो ते आधी बघ. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीनं लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत, आणि जीवशास्त्रातली पुष्कळ जर्नलंही त्याच मानतात. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा कसून सुधारण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कोणी बोट ठेवलं तर जबाब देण्याची तयारी. चारही हव्यात. विभागप्रमुखांनी कपाटाची किल्ली दिली म्हणून ते लेखक होत नाहीत, आभारात त्यांचं नाव मोठ्या मनानं लिही.

आता सहीचं. समोरासमोर ‘नाही’ म्हणू नकोस. बऱ्याच जर्नलांत पेपर पाठवताना प्रत्येक लेखकानं काय केलं ते लिहून द्यावं लागतं, आणि प्रत्येकाला वेगळा मेल जातो. तो फॉर्म छापून गाईडपुढे ठेव आणि साळसूदपणे विचार, ‘मॅडम, सरांच्या नावापुढे काय लिहू?’ बऱ्याच वेळा तिथेच विषय संपतो. काहून की भूगोलाच्या सरांनाही कोळ्यांच्या जाळ्यांवरचे रिव्ह्यूअरचे प्रश्न अंगावर घ्यायचे नसतात. तरीही नाही जमलं, तर विद्यापीठात संशोधन नीतीची समिती असते. पण तिथे जाण्याआधी थिसिस सादर होऊ दे. हा सल्ला शूर नाही हे मला माहीत आहे, पण तुझ्या पदवीवर मी शौर्य करू इच्छित नाही.

यालाच लागून पहिल्या पत्रातल्या बाईंना एक राहिलं होतं. ज्या ढिवर काकांनी वर्षानुवर्षं मासे ओळखून दिले, नोंदी तपासल्या, त्यांना ‘स्थानिक माहितगार’ म्हणून एका ओळीत उरकू नका. निष्कर्ष त्यांना मराठीत वाचून दाखवा, त्यांचं मत घ्या, ते पेपरात उतरू द्या आणि त्यांना मंजूर असेल तर त्यांचं नाव लेखकांत घाला. कागदाची पदवी हवी असं त्या चार अटींत कुठेही नाही.

प्रश्न : लोणारच्या सरोवरातल्या जिवाणूंवर पेपर पाठवला होता. ‘मेजर रिव्हिजन’ (मोठी दुरुस्ती करून पुन्हा पाठवा) आलं. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं दोन पानं झोडपलं आहे, इंग्रजीही वाईट म्हटलं आहे. मराठी माध्यमातून शिकलो, आता सोडून द्यावं वाटतं. (बुलढाणा)

उत्तर : मेजर रिव्हिजन म्हणजे दार उघडं आहे. नको असता तर संपादकांनी दोन ओळींत परत केला असता. ज्यानं दोन पानं लिहिली त्यानं तुमचा पेपर नीट वाचला आहे, आणि त्याला त्याचे पैसेही मिळत नाहीत.

एक आठवडा ते पत्र उघडू नका. मग प्रत्येक मुद्दा वेगळा काढा, खाली उत्तर लिहा, आणि पेपरात कोणत्या ओळीत बदल केला ते सांगा. पटलं नाही तिथे ‘पटलं नाही’ असं कारणासह लिहा, त्यानं संपादक नाराज होत नाहीत. नाराज होतात ते मुद्दा गिळून पुढे गेल्यावर.

तुम्ही कळवलेल्या आक्षेपांपैकी तीन मला रास्त वाटतात. प्रयोग एकदाच केला आहे, तो निदान तीनदा करून आकड्यांतला फरक दाखवा. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा क्रम जेनबँक या सार्वजनिक साठ्यात टाकून त्याचा क्रमांक द्या, ते मोफत आहे. आणि लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असताना जिवाणू सातच्या माध्यमावर का वाढवले, याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल. चौथा मुद्दा, नव्या जातीचा दावा. तो सध्या काढा. नवी जात मान्य व्हायला तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, आणि देशाबाहेर पाठवायचा तर जैवविविधता कायद्याची कागदपत्रं चेन्नईच्या प्राधिकरणाकडून करावी लागतात. ते काम पुढच्या पेपरासाठी ठेवा. ‘एक वेगळा दिसणारा विलग’ असं म्हटलं तरी पेपर उभा राहतो.

इंग्रजीचं दुखणं मोठं नाही. लहान वाक्यं करा, एका वाक्यात एक गोष्ट. एआयकडून व्याकरण दुरुस्त करून घ्यायला बहुतेक जर्नलांची हरकत नसते, मात्र वापरलं तर तसं नोंदवा, आणि लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीही घेऊ नका. अस्तित्वात नसलेले पेपर तो लेखक, वर्ष, पान नंबरासकट ठोकून देतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका पेपरात असे संदर्भ होते, आणि पुढचं एक पानही मी वाचलं नाही.

प्रश्न : मी मेळघाटात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. पक्ष्यांची आवड. रानपिंगळ्याच्या (दुर्मीळ छोट्या घुबडाच्या) वागण्याच्या नोंदी आणि फोटो आहेत. एम.एस्सी. नाही, संस्था नाही. माझं कोण छापेल?

उत्तर : छापतील. पक्ष्यांच्या जर्नलांत हौशी निरीक्षकांच्या टिपा पूर्वीपासून येतात. संस्थेच्या जागी घरचा पत्ता चालतो. सगळा ग्रंथ पाठवू नका, एकच नवं निरीक्षण घ्या. भक्ष्य काय होतं, पिलांना कोण भरवत होतं, दिवसाची वेळ कोणती, एवढ्यावर दोन पानांची टीप होते. त्याआधी त्या बाबीवर पूर्वी काय छापलं आहे ते शोधा, जुने पेपर मिळत नसतील तर थेट लेखकांना मेल टाका. बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

रानपिंगळाच निवडलात म्हणून सांगते, नोंद खरी असणं किती महत्त्वाचं आहे ते याच पक्ष्यानं शिकवलं. एकोणिसाव्या शतकानंतर तो कोणाला खात्रीनं दिसला नव्हता. मधली नमुन्यासह एकच नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलची, १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की तो नमुना त्यानं संग्रहालयातून चोरून खोटं लेबल लावलेला होता. मग ती नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. तुमच्या मेळघाटात तो पुढे दिसला. म्हणून फोटोची मूळ फाईल, तारीख, वेळ जपून ठेवा, आणि ज्या दिवशी पक्षी दिसला नाही त्या दिवसाचीही नोंद ठेवा.

दोन गोष्टी आधी उरका. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत केलेल्या निरीक्षणांना वनखात्याची लेखी परवानगी होती का, हे संपादक विचारतील. नसेल तर रस्त्यावरून, गावातून, शेताच्या बांधावरून केलेल्या नोंदी वेगळ्या काढा आणि तेवढ्याच वापरा, पुढच्या हंगामासाठी अर्ज आत्ताच करा. आणि घरट्याचं नेमकं ठिकाण पेपरात छापू नका. संपादकांना स्वतंत्र पत्रात कळवा, नकाशावर तालुका दाखवलेला पुरतो.